एसटीच्या पासपासून सेमिस्टर तिकिटापर्यंत : परदेशात शिकताना रोजचा प्रवास स्वस्तात कसा होतो?

परभणी जिल्ह्यातलं येलदरी हे गाव पूर्णा नदीवरच्या धरणामुळे ओळखलं जातं. पण इथल्या कॉलेजच्या पोरांना विचारलं तर धरणाआधी ते एसटीच्या वेळा सांगतील. जिंतूरला रेल्वे नाही. रेल्वे हवी असेल तर परभणी गाठायचं आणि तोवर सगळी भिस्त लाल गाडीवर. त्यामुळे विद्यार्थी पास म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एसटी विद्यार्थ्यांना मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत देते, म्हणजे भाड्याचा जेमतेम तिसरा हिस्सा भरायचा. बारावीपर्यंतच्या मुलींना तर अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत मिळतो.

आता समजा, याच भागातला एखादा विद्यार्थी मास्टर्ससाठी जर्मनीला किंवा इंग्लंडला निघालाय. फी, व्हिसा, खोलीभाडं, सगळ्याचा हिशोब कागदावर झालेला असतो. विमानाचं तिकीटही धरलेलं असतं. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळाली, तर शिक्षण शुल्क आणि निर्वाह भत्त्यासोबत येण्याजाण्याचं विमानभाडंही मिळतं. राहून जातो तो रोजचा प्रवास. खोली ते कॉलेज, कॉलेज ते पार्टटाइम काम आणि रात्री परत. हे पैसे निर्वाह भत्त्यातून, नाहीतर घरून आलेल्या पैशातून जातात.

जर्मनीत पास फीमध्येच येतो

बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही किंवा नाममात्र आहे, हे जर्मनीबद्दल सगळ्यांना माहीत असतं. पण दर सहामाहीला 'सेमिस्टर वर्गणी' भरावी लागते आणि बहुतेक ठिकाणी तिचा मोठा भाग प्रवासाच्या तिकिटाचा असतो.

हे तिकीट समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. मे २०२३ मध्ये जर्मनीने 'डॉईचलांडटिकेट' आणलं. महिना ४९ युरो भरायचे आणि देशभरातल्या सिटी बस, ट्राम, मेट्रो, लोकल आणि प्रादेशिक रेल्वेतून हवं तितकं फिरायचं. २०२५ मध्ये त्याची किंमत ५८ युरो झाली, २०२६ पासून ६३. विद्यार्थ्यांसाठी २०२४ च्या उन्हाळी सत्रापासून त्याचंच सेमिस्टर तिकीट आलं, मूळ किमतीच्या ६० टक्क्यांत. सुरुवातीला महिन्याला २९.४० युरो पडायचे, २०२५ मध्ये ३४.८०. ढोबळमानाने १०० रुपयांचा युरो धरला, तर साडेतीन हजार रुपयांत महिनाभर अख्खा देश. परभणीहून पुण्यापर्यंत आणि तिथून कोल्हापूरपर्यंत एकाच पासवर जाता यावं, तसं.

पण यात तीन मेख आहेत.

पहिली, हे तिकीट वेगवान गाड्यांना चालत नाही. आयसीई, आयसी, ईसी असं लिहिलेल्या गाडीत चढलात तर तुम्ही विनातिकीट. दुसरी, विद्यापीठाने करार केला असेल तर ही रक्कम सगळ्यांनाच भरावी लागते, प्रवास करा किंवा करू नका. आणि करार नसेल तर हे तिकीट मिळतच नाही. म्हणून प्रवेशपत्र आलं की वर्गणीत नेमकं काय काय आहे ते वाचायचं.

तिसरी मेख सगळ्यात जास्त पोरांना लागते. हिवाळी सत्र अधिकृतपणे १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि पोरं पोचतात सप्टेंबरमध्ये. सेमिस्टर तिकीट तेव्हा लागू झालेलं नसतं. त्या महिन्यापुरतं साधं डॉईचलांडटिकेट घेता येतं, पण ती मासिक वर्गणी आहे, आपोआप पुढे चालू राहते. बंद करायची तर साधारणपणे महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावी लागते. विसरलात तर पुढच्या महिन्याचे पैसे खात्यातून गेले. आणि काहीच न काढता गाडीत चढून सापडलात तर दंड ६० युरो.

इंग्लंडमध्ये पास नाही, सवलतीचं कार्ड

इथे एक तिकीट आणि अख्खा देश, असा मामला नाही. रेल्वेसाठी '१६-२५ रेलकार्ड' असतं. २०२५ पासून त्याची वर्षाची किंमत ३५ पौंड आहे आणि बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते. नावावरून वाटतं की २६ ओलांडलेल्यांना ते मिळत नसेल. तसं नाही. पूर्णवेळ विद्यार्थी असाल तर त्यापुढच्या वयातही मिळतं, फक्त विद्यापीठाकडून तसं प्रमाणित करून घ्यावं लागतं. आपल्याकडे हे अनेकांना उपयोगाचं आहे, कारण राजर्षी शाहू शिष्यवृत्तीलाच पदव्युत्तरसाठी ३५ आणि पीएचडीसाठी ४० अशी वयाची मर्यादा आहे. चार वर्षं नोकरी करून जाणारे कमी नसतात.

लंडनमध्ये '१८+ स्टुडंट ऑयस्टर' हे वेगळं कार्ड चालतं. त्यावर ३० टक्के सूट आहे, पण ती आठवड्याच्या किंवा त्याहून मोठ्या मुदतीच्या पासावर. सुट्या प्रवासावर नाही. आठवड्यातून दोनच दिवस लेक्चर असतील तर पास काढून उलट तोटा होऊ शकतो. अशा वेळी बस बरी. एकदा भाडं दिलं की तासाभरात कितीही बस बदला, पुन्हा पैसे कापले जात नाहीत. रोख रक्कम मात्र लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून घेतच नाहीत, त्यामुळे नोट काढून सुट्ट्यासाठी थांबायचा प्रश्नच नाही.

बाकी देशांत काय?

'विद्यार्थी आहे म्हणजे सवलत मिळणारच' हा समज आपण इथून घेऊन जातो. तो सगळीकडे खरा नाही. नेदरलँड्समधला मोफत विद्यार्थी प्रवास मुख्यत्वे तिथल्या सरकारी विद्यार्थी मदतीला पात्र असणाऱ्यांसाठी आहे. भारतातून गेलेल्या विद्यार्थ्याला तो साधारणपणे लागू होत नाही. म्हणून तिथे पहिल्याच आठवड्यात जुनी सायकल घेतात. कोर्स संपवून परत निघालेल्यांकडून ती स्वस्तात मिळते, पण कुलूप चांगलं घ्यायचं.

ऑस्ट्रेलियात सिडनी असलेल्या न्यू साऊथ वेल्स राज्यात परदेशी विद्यार्थ्यांना, काही सरकारी शिष्यवृत्त्या सोडल्या तर, प्रवास सवलत नाही. शेजारच्या क्वीन्सलँडमध्ये मात्र ऑगस्ट २०२४ पासून सगळ्यांनाच सार्वजनिक वाहतुकीचं भाडं ५० सेंट. एकाच देशात इतका फरक. लक्झेंबर्ग त्याच्याही पुढे, तिथे २०२० पासून बस, ट्राम, रेल्वे सगळ्यांना मोफत आहे.

अमेरिकेत गावागावावर अवलंबून. शिकागोत अनेक कॉलेजांच्या विद्यार्थ्यांना 'यू-पास' मिळतो. पण गाडीशिवाय किराणाही आणता येत नाही अशीही विद्यापीठांची गावं आहेत.

स्वस्त खोली खरंच स्वस्त असते का?

भाडं कमी म्हणून शहराबाहेर खोली घेतली जाते. महिन्याच्या पासाचा खर्च धरला तरी कागदावर ती स्वस्तच दिसते. पण शेवटची बस किती वाजता, हे बघितलेलं नसतं. हॉटेलातली पार्टटाइम शिफ्ट रात्री संपते आणि मग टॅक्सी करावी लागते. त्या एका टॅक्सीत दोन-तीन तासांची कमाई जाऊ शकते. जिंतूरहून शेवटची गाडी चुकली तर ओळखीचं कुणीतरी दुचाकीवर सोडतं, तिथे तसं नसतं. म्हणून खोली ठरवण्याआधी तिथून कॉलेजला आणि कामाच्या भागात रात्री अकरानंतर कसं पोचता येतं, ते नकाशाच्या ॲपवर बघावं. रविवारचं वेळापत्रक वेगळं बघावं, ते बरंच तुटपुंजं असतं.

१.९० पौंडांचं प्रकरण

ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये एका तरुण पदवीधराची बातमी गाजली होती. त्याने रेलकार्ड वापरून मँचेस्टरचं तिकीट काढलं. पण सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेचार ते दहा या वेळेत, जुलै-ऑगस्ट सोडून, त्या कार्डाला १२ पौंडांच्या किमान भाड्याची अट असते. ती त्याच्या लक्षात आली नाही. फरक फक्त १.९० पौंडांचा होता, तरी त्याला खटल्याची धमकी मिळाली. आरडाओरड झाल्यावर रेल्वे कंपनीने कारवाई मागे घेतली.

प्रत्येकाची बातमी होत नाही. इंग्लंडच्या रेल्वेत दंडाचं भाडं १०० पौंड अधिक मूळ तिकीट असं आहे. २१ दिवसांच्या आत भरलं तर १०० चे ५० होतात. मात्र प्रकरण कोर्टात जाऊन दोषी ठरलात, तर पुढच्या व्हिसा अर्जात ते लिहावं लागतं. दंडाचं पत्र खोलीच्या पत्त्यावर येतं, त्यामुळे खोली बदलली की विद्यापीठात, बँकेत आणि रेलकार्डाच्या खात्यात नवा पत्ता लगेच टाकून ठेवायचा.