कूलरची टाकी

चैत्र संपत आला की नागपूर, अकोला, चंद्रपूर या बाजूला घरोघरी एकच गडबड उडते. ताडपत्रीत बांधून ठेवलेला कूलर बाहेर निघतो, खिडकीशी बसतो, टाकीत पाणी पडते आणि घरची मंडळी त्याच्यासमोर बसून हुश्श करतात. पुढे मृग लागेपर्यंत पाणी ओतण्यापलीकडे त्याच्याकडे कोणी बघत नाही. आज बोलायचे आहे ते या ओतण्याबद्दलच.

कूलर हवा गार करतो तो पाणी थंड असते म्हणून नव्हे, तर पाणी उडून जाते म्हणून. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते आणि ती आत येणाऱ्या हवेतून घेतली जाते. माठातले पाणी गार होते तेही असेच. काही हौशी लोक टाकीत बर्फ टाकतात. पण किलोभर बर्फ वितळताना जेमतेम ८० किलोकॅलरी शोषतो. तो सरबतात घातलेला बरा!

आता बघा, उडून जाते ते नुसते पाणी. त्यातले क्षार मागेच राहतात. तुम्ही वरून आणखी ओतता, तेही उडते आणि क्षार साठत जातात. त्यातून बोअरिंगचे पाणी असले तर वाळ्यावर नि गवतावर पांढरी पुटे चढतात, हवा जाईनाशी होते, पंपाची जाळी तुंबते. मग आपण म्हणतो, यंदा कूलर बिघडला! वास्तविक त्याला हवे असते ते जुने पाणी सोडून देणे.

पण याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असेच साठलेले, स्वच्छ दिसणारे पाणी आवडते. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या ओल्या भिंतीवर. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करा असे सांगतात. तुम्ही म्हणाल, आम्ही करतोच की! पण घासता का? ही अंडी भिंतीला घट्ट चिकटतात, सुकली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. तेव्हा काथ्याने चारही भिंती, कोपऱ्यांसकट, खरवडून काढायच्या.

घासायला बसण्यापूर्वी मात्र प्लग ओढून काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटे झालेले असले तर बटण बंद असूनही आत वीज असते. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय आणि पाण्यात बुडालेला पंप, यांतून दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. तीन पिनांचा प्लग नि खरेखुरे अर्थिंग हवेच. गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे स्विच घरात बसवून घेतले तर फारच उत्तम. मुलांना कूलरला हात लावू देऊ नका.

पाऊस आला की पाणी सोडा, घासा, उन्हात वाळवा, कुजके गवत फेकून द्या. गच्चीवर ठेवायचा झाला तर टाकी पालथी ठेवा, नाहीतर तिच्यात पावसाचे पाणी साठेल.