कर्जतचे बँकर

पुण्याकडे निघालेली लांब पल्ल्याची गाडी कर्जतला थांबते ती काही वड्यांसाठी नाही. तिच्या शेपटाला तिथे जादा इंजिनं लागतात. रेल्वेवाले त्यांना ‘बँकर’ म्हणतात. १८६३ साली खुला झालेला बोरघाट दर ३७ मीटरला १ मीटर चढतो. स्कूटरला हा चढ जेमतेम जाणवेल. आगगाडीचा मात्र तो दम काढतो.

हिशेब सोपा आहे. इंजिनासकट गाडी १,३०० टनांची धरली, तर या चढावर गुरुत्वाकर्षण तिला वजनाच्या ३७व्या हिश्शाने, म्हणजे सुमारे ३५ टनांच्या जोराने मागे खेचतं. पुढचं इंजिन सव्वाशे टनांच्या आसपास. पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड इंजिनाच्या वजनाच्या पाव हिश्शाएवढी, फार तर तिसऱ्या हिश्शाएवढी. तीही रूळ कोरडे असताना. पावसाळ्यात चाकांखाली वाळू सोडावी लागते. पकडच नसेल तर मोटर कितीही दणकट बसवा, चाक जागच्या जागी गरगरेल. म्हणून वजनदार इंजिनंच वाढवायची. आणि ती मागून, कारण सगळा भार पुढूनच ओढला तर डब्यांच्या जोडण्यांवर फार ताण येतो.

आता खरी गंमत. गाडी एकसारख्या वेगाने घाट चढत असते तेव्हा इंजिनं जीव तोडून जोर लावत असूनही तिच्यावरचं एकूण बल शून्य असतं! पुढचा जोर आणि मागची ओढ फिटंफाट. गती टिकवायला बल लागत नाही, बदलायला लागतं, हे न्यूटनने १६८७ साली मांडलं. शाळेत आपण ते घोकतो, पण मनातून मानत नाही. कारण घर्षण नसलेला रस्ता कुणी पाहिलेलाच नसतो.

उतरताना हाच हिशेब उलटा होतो. ब्रेक नसतील तर वेग दर सेकंदाला वाढत जाईल आणि उभी गाडी मिनिटभरात ताशी ५० किलोमीटरच्या पुढे जाईल. त्यासाठी घाटात ‘कॅच सायडिंग’ आहेत, म्हणजे मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारे रूळ. सांधा एरवी तिकडेच लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटली की मगच मुख्य मार्ग मिळतो. सुटलेली गाडी सरळ त्या चढावर जाते आणि तिला पळवणारं गुरुत्वाकर्षणच तिथे तिचा वेग उतरवतं.