वऱ्हाडाची नाट्यपदं : १९२७ ते १९६७

धामणगावकर मंडळी, नाट्यसंगीत म्हटलं की आपण पुण्या-मुंबईकडे बघतो. पण या गाण्यांत आपल्या वऱ्हाडाचा वाटा मोठा आहे!

🎵 १९२७ : अमरावतीच्या वीर वामनराव जोशींचं ‘रणदुंदुभी’ रंगभूमीवर आलं. चाली वझेबुवांच्या, गळा मास्टर दीनानाथांचा. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर जेरोम कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टीन यांचं ‘शो बोट’ आलं. तिथली गाणी वर्णभेदाची वेदना मांडत होती, आपली पदं पारतंत्र्याची चीड!

🎵 १९६७ : ‘कट्यार काळजात घुसली’. लेखन नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत पं. वसंतराव देशपांडे. वसंतरावांचा जन्म १९२० सालचा, मूर्तिजापूरचा. म्हणजे बडनेऱ्याच्या पलीकडचं, आपल्याच लाइनीवरचं स्टेशन! ‘कट्यार’मधलं ‘सुरत पिया की’ हेडफोन लावून ऐका. ती रागमाला आहे. गाणं पुढे सरकतं तसा राग बदलतो, पण सांधा कुठे जाणवतच नाही.

अमेरिकेत ब्रॉडवेच्या जुन्या गाण्यांच्या खास मैफली होतात. आपल्या गावातही वऱ्हाडी नाट्यपदांची मैफल व्हायलाच हवी. हार्मोनियम, तबला, दोन-तीन गायक आणि प्रत्येक पदाआधी नाटकातला प्रसंग सांगणारा निवेदक, एवढं पुरे.

गाणारे, वाजवणारे कोणी ओळखीचे असतील तर खाली नक्की लिहा. शाळकरी पोरांना पुढच्या रांगेत बसवू!