अठरा, एकवीस आणि पस्तीस

7 जून 2024 रोजी संध्याकाळी आम्ही तिघे जवळच्या शाळेत मतदानाला गेलो. लेक नुकतीच अठराची झाली होती, तिचे हे पहिलेच मत. टेबलामागच्या बाईंनी तिच्या हाती दोन मतपत्रिका दिल्या, एक स्थानिक कौन्सिलची आणि एक युरोपियन पार्लमेंटची. मलाही दोन. आमच्या सौभाग्यवतींना मात्र एकच, कौन्सिलची! तिचा पासपोर्ट अजून भारताचा आहे आणि तो सोडायला तिचे मन होत नाही. परतताना गाडीत लेक म्हणाली, "आई, तू इथे वीस वर्षे नोकरी करतेस, टॅक्स भरतेस, आणि तुला माझ्या निम्मे?" त्या प्रश्नाने वयाचे आणि मताचे हे नियम नीट वाचून काढायला लावले.

आयर्लंडच्या 1937 च्या घटनेत मताचे वय एकवीस होते. ते अठरावर आणण्यासाठी 7 डिसेंबर 1972 ला सार्वमत झाले आणि लोकांनी मोठ्या बहुमताने होकार दिला. गंमत पुढेच आहे. फेब्रुवारी 1973 मध्ये पंतप्रधान जॅक लिंच यांनी निवडणूक घेतली ती जुन्या मतदार यादीवर. नवी यादी एप्रिलमध्ये लागू व्हायची होती. म्हणजे हक्क मिळाला, पण यादीत नाव नाही! प्रकरण हायकोर्टापर्यंत गेले, तरी निवडणूक ठरल्या दिवशीच झाली. आपल्याकडे एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने 1989 मध्ये वय एकविसाचे अठरा झाले, आणि त्याच नोव्हेंबरात मी एकोणिसाव्या वर्षी सांगलीत पहिले मत दिले. त्या वर्षी यादीत नाव आले आहे की नाही हे पाहायला वडिलांनी मला दोनदा पिटाळले होते, ते आता आठवते.

मत देण्याचे वय एक आणि उभे राहण्याचे वेगळे, हे दोन्ही देशांत आहे. आयर्लंडमध्ये कौन्सिलला अठराव्या वर्षी उभे राहता येते, डॉलला, म्हणजे इथल्या लोकसभेला, एकविसाव्या. भारतात ग्रामपंचायतीला एकवीस लागतात, विधानसभा आणि लोकसभेला पंचवीस. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण मालवण तालुक्यातल्या वराडच्या डॉ. अशोक वराडकरांचा मुलगा लिओ 1999 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, मेडिकलला शिकत असताना मलहडार्टमधून कौन्सिलला उभा राहिला आणि पडला. त्या वयात त्याला डॉलला उभे राहता आले नसते, आणि वडिलांच्या गावी ग्रामपंचायतीलाही नाही. 2004 मध्ये तो कौन्सिलर म्हणून निवडून आला, 2007 मध्ये डॉलवर गेला, 2017 मध्ये अडतिसाव्या वर्षी पंतप्रधान झाला. त्याच्यानंतर 2024 मध्ये आलेले सायमन हॅरिस तर सदतीस वर्षांचे होते. ते 2011 मध्ये चोविसाव्या वर्षी डॉलवर निवडून आले. भारतात त्यांचा अर्जच बाद झाला असता. लवकर सुरुवात करू दिली की पडायलाही वेळ मिळतो, असे माझे मत.

राष्ट्राध्यक्षपदासाठी दोन्हीकडे पस्तीस. इथे मात्र एक भाषेचा गुंता आहे, मराठी माणसाला तो पटकन कळेल. घटनेचा इंग्रजी मजकूर म्हणतो, उमेदवार पस्तिसाव्या वर्षात पोचलेला हवा. आता चौतीस पुरी झाली की आपण म्हणतोच ना, "पस्तिसावे लागले"? पण आयरिश भाषेतला मजकूर म्हणतो, पस्तीस पूर्ण. दोहोंत विसंगती असेल तर आयरिश मजकूरच ग्राह्य, असे घटनेतच लिहिले आहे. तेव्हा पस्तीस पूर्ण! हे वय एकवीसवर आणण्याचा प्रस्ताव 22 मे 2015 ला लोकांपुढे ठेवला गेला. त्याच दिवशी समलिंगी विवाहाला कौल देणाऱ्या मतदारांनी हा प्रस्ताव मात्र सुमारे 73 टक्क्यांनी फेटाळला.

आता सौभाग्यवतींच्या एका मतपत्रिकेबद्दल. डॉलसाठी आयरिश नागरिक आणि, 1984 च्या सार्वमतानंतर, ब्रिटिश नागरिकही मत देतात. सार्वमत आणि राष्ट्राध्यक्ष फक्त आयरिश नागरिकांचे. युरोपियन पार्लमेंट युरोपियन युनियनच्या नागरिकांचे. पण कौन्सिलला इथे राहणारा कोणीही अठरा वर्षांचा माणूस मत देऊ शकतो, उभाही राहू शकतो, पासपोर्ट कुठलाही असो. भारतीय पासपोर्टवाल्यांना 2011 पासून गावच्या यादीतही नाव ठेवता येते, पण मत द्यायला स्वतः तिथल्या केंद्रावर जावे लागते. विमानाचे भाडे भरून मत देणारे आमच्या ओळखीत अजून कोणी निघाले नाही.

आपल्या मंडळींपैकी अनेकांना कौन्सिलच्या मताचा पत्ताच नसतो. "आम्ही नागरिक नाही" एवढे म्हणून विषय संपतो. शाळेसमोरचा झेब्रा क्रॉसिंग, खेळाचे मैदान, लायब्ररीच्या वेळा हे सगळे मात्र कौन्सिलच्याच दारात असते. नाव नोंदवायला पीपीएस नंबर, जन्मतारीख आणि एअरकोड लागतो, आणि नोंदणी वर्षभर चालू असते. 2022 च्या कायद्याने सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही आधीच नोंदणी करता येते, अठरा झाली की नाव आपोआप यादीत जाते. आमच्या धाकट्याने सोळावे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी फॉर्म भरला, आणि त्याच बैठकीत आईचा पत्ताही तपासून घेतला. तो अजून आमच्या जुन्या घराचाच होता.