नलिका तीच, दिशा वेगळी

जपानच्या सुमिओ ईजिमा यांनी १९९१ साली कार्बनच्या नॅनोनलिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘पोलादाहून सरस’ हे विशेषण पुढे या नलिकांना चिकटले. ते खोटे नाही. ताठरपणाच पाहा: नलिकेचा सुमारे १००० गिगापास्कल, पोलादाचा २००, इपॉक्सी रेझिनचा अवघा ३. तरी रेझिनमध्ये नलिका मिसळून पोलादाची बरोबरी होत नाही. असे का, हे समजायला माझ्यासारख्या प्रयोगशाळा नसलेल्या माणसाला वही पुरते.

आकारमानाने १ टक्का नलिका घ्या. सगळ्या लांब, सरळ, रेझिनला घट्ट धरलेल्या आणि ओढीच्या दिशेत असतील, तर मिश्रणाचा ताठरपणा १३ गिगापास्कलच्या आसपास जातो. त्याच नलिका वाटेल तशा विखुरल्या, तर त्यांचा पाचवा हिस्साच कामी येतो आणि आकडा ५ वर अडतो.

म्हणून संशोधक त्यांना ओळीत आणतात: मऊ पॉलिमर ताणून, विद्युतक्षेत्र लावून, किंवा नलिका उभ्या वाढवून त्यांत रेझिन मुरवून. पुलिकेल अजयन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवले की रेझिनचे पातळ काप काढतानाही नलिका एका दिशेत येतात.

पण ओळीची किंमत मोजावी लागते. लाकूड रेषेच्या दिशेत ओढ सोसते, रेषेला आडवे ताणले की चिरते. नलिकांचेही तसेच. मातीच्या भिंतीत गवत आडवेतिडवे मिसळतात, कारण तडा कुठूनही जाऊ शकतो. म्हणून ‘अमुक पट बळकट’ असा दावा वाचला की मी आधी विचारतो, कोणत्या दिशेत?