शर्यतीची गाडी घडताना – लेखांक ४ : पिंजरा

अमेरिकेत २००६ पासून ‘२४ आवर्स ऑफ लेमन्स’ ही हौशी शर्यत भरते. गाडीची किंमत ५०० डॉलरच्या वर जाता कामा नये, हा तिचा मूळ नियम. मात्र रोल केज, सीट, पट्टे असं सुरक्षेचं साहित्य या हिशेबात धरत नाहीत. त्यामुळे जुन्यापान्या गाडीपेक्षा तिच्या पोटातला पोलादी पिंजरा महाग, हे तिथलं नेहमीचं चित्र. काटकसर इंजिनावर करावी, रंगावर करावी. केजवर करू नये. स्वस्तातल्या शर्यतीनेही हे मान्य केलं आहे, हे फार मोलाचं.

गाडी उलटली की छत खाली येतं, खांब वाकतात आणि चालकाच्या डोक्याभोवतीची जागा संपते. ती जागा राखणं हे केजचं काम. २४ जानेवारी २०२० रोजी माँटे कार्लो रॅलीत ओट टॅनाकची ह्युंदाई ताशी सुमारे १८० किलोमीटर वेगात रस्ता सोडून उतारावर कोलांट्या खात गेली. गाडीची पार दशा झाली, पण टॅनाक आणि सहचालक मार्टिन यार्वेओया आपल्या पायांनी बाहेर आले. ती कंपनीने घडवलेली गाडी होती, हे खरं. हौशी चालकाच्या केजमागचं तत्त्वही तेच आहे.

सुरुवात नळीपासून. ‘एफआयए’ या जागतिक संघटनेच्या नियमावलीत, परिशिष्ट ‘जे’च्या कलम २५३ मध्ये, चालकाच्या पाठीमागच्या मुख्य कमानीसाठी किमान मापांच्या दोन जोड्या आहेत : ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी व्यास आणि २ मिमी जाडी. पहिली नळी जाड, म्हणून ती दणकट असा समज होतो. हिशेब केला तर उलटं दिसतं. पहिलीचं वजन मीटरला सुमारे २.६ किलो, दुसरीचं २.४, आणि वाकायला दुसरीच सुमारे १५ टक्के जास्त विरोध करते, कारण तिचं पोलाद मध्यापासून जास्त लांब आहे. नळी बिनजोडाची, थंड अवस्थेत ओढलेल्या कार्बन पोलादाची हवी. हार्डवेअरच्या दुकानातला जीआय पाइप इथे बाद. त्याच्या जस्ताच्या थरावर वेल्डिंग केलं की घातक धूर निघतो आणि जोड सच्छिद्र होतो.

मुख्य कमान एकाच अखंड नळीची असते. वाक घेताना मध्यरेषेची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी, म्हणजे ४५ मिमीच्या नळीला १३५ मिमी. वाकवताना नळी चपटी झालीच, तर लहान व्यास मोठ्याच्या ०.९ पटीखाली जाऊ नये. सुरकुती पडली की ती नळी फेकून द्यावी.

इमारतीची परांची पाहिली असेल, तर केजची पुढची गोष्ट लगेच कळेल. उभ्या-आडव्या बांबूंचे चौकोन कितीही घट्ट बांधले तरी डुलतात. तिरका बांबू पडला की परांची ठाम होते. चौकोन कलंडू शकतो, त्रिकोण नाही. म्हणूनच कमानीत कर्ण हवा आणि मागे जाणाऱ्या दोन सरळ नळ्या उभ्या रेषेशी किमान ३० अंशांचा कोन करणाऱ्या हव्यात.

आता पाय. गाडीच्या तळाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. त्यावर नुसती नळी टेकवली तर अपघातात ती पत्रा भोसकून खाली जाईल. म्हणून मुख्य कमानीच्या प्रत्येक पायाखाली किमान १२० चौरस सेंटिमीटरची, ३ मिमी जाडीची पट्टी लागते. टपाल खात्याचं पोस्टकार्ड साधारण एवढंच असतं. बोल्ट लावायचे असतील तर पायामागे किमान तीन, ८.८ प्रतीचे, आठ मिमीचे.

खरी परीक्षा वेल्डरची. जोड नळीच्या पूर्ण घेराभोवती झाला पाहिजे. पण कमान छताला इतकी लगटून असते की वरच्या बाजूला टॉर्च पोचतच नाही. अनुभवी कारागीर यावर एक युक्ती करतात. पाय जिथे येणार तिथे तळाला आधी भोकं पाडतात. केज टाके मारून उभा केला की तो त्या भोकांतून काही इंच खाली सोडतात. वर हात फिरण्याइतकी जागा होते, जोड पूर्ण होतात. मग केज उचलून पायांखाली पट्ट्या सरकवतात आणि त्या वेल्ड करतात. घाईत ही पायरी गाळली, तर वरून अर्धेच राहिलेले जोड खालून दिसत नाहीत. तपासनीस आरसा घालून नेमकं तिथेच पाहतो, आणि पाहायलाच हवं.

हेल्मेट आपटू शकेल अशा नळ्यांवर ‘एफआयए’च्या ८८५७-२००१ या मानकाचं कडक पॅडिंग लागतं. हाताला ते लाकडासारखं लागतं, म्हणून काहीजण मऊ फोम गुंडाळतात. तो आघातात क्षणात दबून जातो आणि डोकं पोलादावर बसतं.

आयोजक बदलला की मापं बदलतात. भारतात उतरायचं असेल तर नळी विकत घेण्याआधी ‘एफएमएससीआय’ या इथल्या मोटर स्पोर्ट महासंघाची चालू वर्षाची नियमावली हाताशी ठेवावी. आणि ज्या गाडीतून मुलांना शाळेत सोडायचं आहे, तिच्यात केज कृपा करून बसवू नये. रस्त्यावर डोक्याला हेल्मेट नसतं, आणि नळी मात्र कानापासून वीतभर अंतरावर असते.