सर्वणला पोचणारा बांगडा

बांगडा आडवा चिरला की कुशीला, कातडीखाली, गडद तांबूस पट्टी दिसते. न थकता पोहत राहणारा हा स्नायू. प्राणवायू धरून ठेवणाऱ्या मायोग्लोबिनमुळे त्याला तो रंग येतो. बाकीचं फिकट मांस अचानक मारायच्या मुसंडीसाठी असतं. अशा मुसंडीत स्नायूत आम्लता वाढते आणि तिला आवर घालायला त्या मांसात हिस्टिडीन मुबलक साठवलेलं असतं. पण मासा मेल्यावर, उष्म्यात, जिवाणू याच हिस्टिडीनचं हिस्टामिन करतात. ते पोटात जास्त गेलं तर तोंड लालबुंद होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. या विषबाधेला नावच मुळी बांगड्याच्या कुळावरून पडलं आहे: स्कॉम्ब्रॉइड.

म्हणूनच गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या सर्वणसारख्या, समुद्रापासून आत असलेल्या गावात बांगड्याचा ताजेपणा तासांपेक्षा तापमानावरून ठरवावा, असं माझं ठाम मत आहे. मालीमच्या जेटीवरून निघालेला सकाळचा बांगडा बर्फाविना उन्हातून आला, तर पकडल्यापासून बर्फात नीट राहिलेला कालचा बांगडा त्याच्यापेक्षा भरवशाचा. बर्फातलं नुस्तं (मासळी) म्हणजे शिळं, हा समज आपल्याकडे पक्का आहे. जुलै २०१८मध्ये फॉर्मेलिनच्या संशयावरून परराज्यातल्या मासळीला गोव्यात काही दिवस बंदी झाली, तेव्हापासून बाहेरून आलेल्या मासळीकडे लोक अधिकच साशंकतेने पाहू लागले. ती शंका रास्तच होती, पण फॉर्मेलिन हे रसायन आहे आणि बर्फ हे गोठलेलं पाणी. एकाचा राग दुसऱ्यावर काढला तर नुकसान खाणाऱ्याचंच. दुसरा आक्षेप स्वयंपाकघरातला: तिरफळं, सोलं घालून हुमण (माशाची आमटी) खळखळ उकळलं की दोष कुठला उरतो? जिवाणू मरतात, हे खरं. एकदा तयार झालेलं हिस्टामिन मात्र उकळून जात नाही, आंबटानेही नाही. आणि वास बिघडण्याआधीच ते वाढलेलं असू शकतं.

बांगडा सोडावा, असं यातून मुळीच निघत नाही. स्वस्तात ओमेगा-३ देणारं हे नुस्तं आहे. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, खारे बांगडे घराला आधार देतात. तेही मीठ लावायच्या वेळी ताजे असतील तरच चांगले, कारण आधी झालेलं हिस्टामिन मिठानेही निघत नाही.